शेत पुसल्याची कबुली

डब्लिन, ओहायो
गुरुवार, दुपारचा दीड (इशिताची बस यायला अजून दोन तास आहेत, तेवढ्यात लिहून काढतो)

तीर्थस्वरूप जगन्नाथराव यांस,

मोरेश्वरचं दंडवत. जावयाने मेव्हण्यापुढे आडवं पडायची आपल्यात पद्धत नाही हे मला कळतं, पण हे पत्र वाचून झाल्यावर तुम्हालाच वाटेल की एकाने भागलं नाही, आणखी दोन घालायला हवी होती. तेव्हा ती दोन इथे आगाऊ घालून ठेवतो. तुमचा दमा कसा आहे? हवा बदलली की तुम्हाला त्रास होतो, तेव्हा सकाळचं फिरणं उन्हं वर आल्यावर करा. उत्तरावहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. आणि तुमच्याकडे विश्रांतीला असलेल्या आमच्या शुभाचा (म्हणजे तुमच्या बेबीचा) नवा गुडघा काय म्हणतो? फाटकापर्यंत जाते का? काठी टाकली का? टाकली नसेल तर घाई करू नका. खरं सांगायचं तर ती थोडी हळू चालत असलेलीच सध्या मला बरी वाटते. कारण पुढे येईल.

एक विनंती आधीच करतो. हे पत्र एकट्याने वाचा. जागा गच्चीची निवडा, कारण नवा गुडघा अजून एवढे जिने चढत नसणार. 'कुणाचं पत्र?' असं तिने विचारलं तर सोसायटीचं म्हणा, पेन्शनच्या कचेरीचं म्हणा, काहीही म्हणा. आजच्या काळात हा माणूस कागदावर पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. अहो, गेल्या रविवारी मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर फक्त 'कसे आहात?' एवढं विचारलं, तर दोन मिनिटांत तुमच्या फोनवरून उत्तर आलं, 'दादा बरा आहे. तुम्ही काय केलंत ते सांगा.' मी काही केल्याचा एक शब्द लिहिला नव्हता, जगन्नाथराव. फक्त कसे आहात विचारलं होतं. तेव्हापासून तुमच्या घरातल्या कुठल्याही विजेच्या वस्तूवर माझा विश्वास राहिलेला नाही.

आता इथली हकिकत. तुम्हाला ठाऊकच आहे की तिकिटं दोघांची होती, हिचा गुडघा ऐन वेळी रुसला, आणि 'तुम्ही इथे राहून तरी काय करणार, माझ्या उशाशी बसून सुस्कारे टाकणार, त्यापेक्षा रेणूकडे जा, पोर शाळेतून येते तेव्हा घरात माणूस हवं' असं म्हणून हिने मला एकट्याला विमानात बसवलं. गेल्या वर्षी ती एकटी इथे पाच महिने राहून गेली होती (मी तेव्हा सोसायटीच्या पुनर्बांधणीच्या भानगडीत अडकलो होतो), तेव्हा तिला इथली सगळी घडी माहीत. लेक रेणू आणि जावई केदार दोघंही सकाळी आठला ऑफिसला जातात ते सहाला येतात. मधला सगळा वेळ या एवढ्या मोठ्या घरात मी, आणि साडेतीननंतर मी आणि इशिता.

जगन्नाथराव, तुम्हाला म्हणून सांगतो, मी इथे एकंदरीत भिऊनच असतो. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेला मी माणूस. पुराच्या दिवसांत धरणाचे दरवाजे उघडायचे हुकूम दिलेत, पायाखाली पाणी गरजत असताना चहा प्यालोय. पण इथे पोह्यांना फोडणी घातली की छतावरचं एक पांढरं यंत्र किंचाळायला लागतं, आणि मी खुर्चीवर चढून त्याला पेपराने वारा घालतो. दाराला किल्ली नाही, आकडे आहेत. ते चुकले तर काय होतं हे मी विचारलेलं नाही, कारण उत्तर ऐकायचा धीर नाही. बसच्या थांब्यावर घरचं माणूस दिसलं नाही तर ड्रायव्हरबाई पोराला खाली उतरवत नाहीत, परत शाळेत नेतात, हे रेणूने पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून तीन-चाळीसच्या बससाठी मी तीन-दहालाच उभा असतो. त्या बाई आता मला लांबूनच हात करतात. मला वाटतं त्यांनाही माझी थोडी भीती वाटत असावी.

पण या सगळ्यांपेक्षा मी जिला जास्त भ्यायलो ती इशिता. नऊ वर्षांची पोर, अतिशय गुणी, आणि तेच तर अवघड आहे. दंगा करणाऱ्या पोराला रागावता येतं. ही घरात येते, बूट जागेवर ठेवते, मी दिलेलं खाते, 'थँक यू, आजोबा' म्हणते, जरा वेळ टीव्हीपुढे बसते आणि वर जाते. झालं. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत एका शब्दात सांगायचं. पहिल्या महिनाभरात आमच्यात सगळे मिळून चाळीस शब्द झाले असतील, त्यात 'स्नॅक' हाच पंधरा वेळा. आता वय चौऱ्याहत्तर. पुन्हा इतका प्रवास झेपेल की नाही कोण जाणे. सहा महिने नातीच्या घरी राहून, तिला कंटाळा येईल असा एक सभ्य पाहुणा म्हणून परत जायचं, या विचाराने मला घाम फुटायचा.

म्हणून एके दिवशी ती आपण होऊन बोलली तेव्हा मी हातातलं ताटच खाली ठेवलं. टीव्हीखाली एक काळं खोकं आहे, त्याला इथे कन्सोल म्हणतात, त्यावर ही पोर शेतीचा खेळ खेळते. प्रत्येकाला एक शेत, एक घर, सुरुवातीला एक कोंबडी. नांगरा, पेरा, पाणी घाला, बाजारात विका. ती म्हणाली, 'आजोबा, वी कॅन डू स्प्लिट स्क्रीन. यू जस्ट हॅव टू सेट अप प्लेअर टू. पापा नेव्हर हॅज टाइम.' म्हणजे टीव्हीच्या मधोमध एक उभी रेघ पडते, डावीकडे एकाचं शेत दिसतं, उजवीकडे दुसऱ्याचं, आणि दोघांनी एकाच सोफ्यावर बसून एकाच वेळी कसायचं. वाटण्या झालेल्या भावांनी एकत्र जेवावं, तसं. मी लगेच हो म्हणालो. पाण्याचं काम म्हटल्यावर हो म्हणायला आयुष्यभराची सवय कारणीभूत. आणि मागच्या शुक्रवारी, ती शाळेत असताना, तिला घरी आल्यावर चकित करायचं म्हणून मी एकटाच त्या खोक्यापुढे बसलो.

मी काही आंधळेपणाने बसलो नव्हतो. केदारने सांगितलेलं वहीत लिहून घेतलं होतं, शिवाय कुणा तरुणाचा एक व्हिडिओ चार वेळा पाहिला होता (तो इतका भरभर बोलतो की त्याच्या घरी पाहुणे थांबले असावेत). पहिली पायरी, दुसरा कंट्रोलर जोडणे. कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायचं, बटणांनी भरलेलं यंत्र. त्याचं एक बारीक बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं होतं. मी दाबलं, दिवा लुकलुकला, आणि ते यंत्र माझ्या हातात जिवंत असल्यासारखं थरथरलं. मला वाटलं शॉक बसला. मी ते फेकलं, ते सोफ्यावर पडलं, तिथेही थरथरत राहिलं. पायांत रबरी सपाता घालून आलो आणि मग उचललं. नंतर कळलं की ते 'जोडलं गेलो' असं आनंदाने सांगत होतं.

दुसरी पायरी, माझं नाव आणि जन्मतारीख. नाव घातलं. जन्मतारखेशी अडलो. तुम्हाला माहीत आहे, माझा जन्म अनंत चतुर्दशीचा, पण पहिलीच्या मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांबरोबर माझीही तारीख एक जून लावून टाकली, आणि पासपोर्टावर तीच आहे. आता खोक्यापुढे खरं बोलावं की पासपोर्टाप्रमाणे? विमानतळावरच्या त्या काचेमागच्या गृहस्थाने माझ्या बोटांचे ठसे घेताना ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर आठवली. ही यंत्रं आपापसांत बोलतात असं म्हणतात. उद्या खोक्याने वर कळवलं की या म्हाताऱ्याच्या जन्मतारखा दोन आहेत, तर? मी एक जून घातली आणि घाम पुसला. इतका वेळ मी ज्याला भीत होतो ते सगळं निरुपद्रवी होतं आणि जिथे भ्यायला हवं होतं तिथे मी छाती पुढे काढून गेलो.

कारण तिसऱ्या पायरीवर खोक्याने सांगितलं की या घरात चारच शेतं मावतात, चारही भरलेली आहेत, नवं हवं असेल तर एक काढून टाका. खाली चार नावं. इशिता, केदार, रेणू आणि इला.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत? इशिताच्या शेताला हात लावायचा प्रश्नच नव्हता. केदारच्या शेतात दोन वर्षांत माणूस फिरकला नसावा, कमरेएवढं तण, कोंबडीसुद्धा कुठे निघून गेलेली. काढायचं तर तेच काढायला हवं होतं, कुठलाही शहाणा माणूस तेच म्हणेल. पण जावयाचं शेत सासऱ्याने पुसायचं? त्याच्या घरात, त्याच्या सोफ्यावर बसून, त्याच्या परोक्ष? माझं बोट पुढेच जाईना. रेणूच्या नावावर नुसतं रिकामं घर होतं, पण लेकीचं घर मोडणारा बाप म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती. उरली इला. मी म्हटलं, ही इशिताच्या मैत्रिणींपैकी कुणीतरी असणार. दर शनिवारी त्या येतात, एक एला आहे, एक मिला आहे, एक आयला आहे (तिला हाक मारताना मला चारचौघांत शिवी दिल्यासारखं होतं, म्हणून मी तिला 'बाळ' म्हणतो). त्या मला मिस्टर आजोबा म्हणतात आणि सोफ्याच्या फटीत चिप्स सांडून जातात. मनात म्हटलं, परकी पोर, तिच्या घरी तिचं खोकं असेलच. हे शब्द मी खरोखर मनात म्हटले, जगन्नाथराव. परकी पोर.

खोक्याने विचारलं, नक्की काढायचं का? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, हे परत मिळणार नाही, तरी काढायचं का? आमच्या खात्यात एवढ्या वेळा विचारलं असतं तर निम्मी धरणं झालीच नसती. मी बटण जोरात दाबलं. एक लहानसा आवाज झाला, भांड्यावर झाकण ठेवावं तसा, आणि माझं शेत तयार झालं. टीव्हीच्या मधोमध रेघ पडली. उजवीकडे मी, डोक्यावर टोपी, हातात कुदळ, पायाशी कोंबडी. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग पोह्यांना फोडणीसुद्धा घातली, यंत्र किंचाळू दे म्हटलं.

इशिता आली, टीव्हीकडे पाहिलं आणि बूट न काढता आत आली. हे आजवर कधी झालं नव्हतं. 'आजोबा! यू डिड इट!' असं म्हणून माझ्या शेजारी, अगदी खेटून बसली. ती दोन मिनिटं या सबंध मुक्कामातली माझी सगळ्यात सुखाची. मग तिने तिच्या माणसाला पळवत पळवत बांधावरून पलीकडे नेलं, आणि ती थांबली. तिथे नुसती माती होती. ती म्हणाली, 'व्हेअर इज आजीज फार्म?'

मी म्हटलं, कुठली आजी? ती म्हणाली, 'आजी. इला.' मी म्हटलं, अगं आजीचं नाव शुभा. तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'दॅट्स द नेम यू गेव्ह हर. इला इज हर रिअल नेम. शी टोल्ड मी.'

जगन्नाथराव, पोरीचं बरोबर होतं. तुम्ही घरचे सगळे तिला जन्मापासून बेबी म्हणत आलात, शाळेच्या पटावरच काय ते इला होतं. मी ते एकदा लग्नपत्रिकेत वाचलं होतं, चि. सौ. कां. इला, आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने 'शुभा' लिहिलं. ते नावही मी शोधलेलं नव्हतं. माझ्या आत्याने पाच नावांची यादी आणली होती, त्यातलं सगळ्यात छोटं घेतलं, कारण तांदळात जोडाक्षर नीट उमटत नाही. एकोणपन्नास वर्षं झाली. रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद, सगळीकडे शुभा. चार नावांत तिचं नाव डोळ्यांसमोर होतं आणि मी ते ओळखलं नाही. इशिताने विचारलं, 'यू चेंज्ड इट? लाइक, विदाउट आस्किंग?' मी म्हटलं, बाळा, तेव्हा पद्धतच होती. ती म्हणाली, 'व्हॉट इफ शी लाइक्ड द ओल्ड वन?'

ती रडली असती तर मी काहीतरी केलं असतं, तिला जवळ घेतलं असतं, आइसक्रीमला नेलं असतं. ती रडली नाही. तिने कंट्रोलर खाली ठेवला, जाऊन बूट काढले, जागेवर ठेवले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मग तिने मला त्या शेतात काय काय होतं ते सांगितलं, पाच महिन्यांत आजीने रोज दुपारी काय केलं ते सांगितलं. पहिल्यांदा इतकी बोलली. विहिरीजवळ आठ पेरू लावले होते, रांगेत नाही, जरा वेडेवाकडे, कारण मिरजेच्या तुमच्या जुन्या परसात ते तसेच होते. भुईमुगानंतर तिथे ज्वारीच का घ्यायची हे आजीने तिला समजावलं होतं. आणि आजी जायला निघाली तेव्हा इशिताने कबूल केलं होतं की रोज आजीच्या शेताला पाणी घालीन. ती रोज घालत होती, जगन्नाथराव. रोज वर जाण्याआधी दहा मिनिटं ती टीव्हीपुढे बसायची, आणि मी समजत होतो की पोर माझ्याशी बोलायला नको म्हणून तिथे बसते.

तेवढ्यावर थांबलं नाही. तिने सांगितलं की आजीला शेतकी कॉलेजात जायचं होतं, अर्ज केला होता, नंबरही लागला होता, पण त्याच महिन्यात लग्न ठरलं म्हणून तिच्या भावाने जाऊन शाळेचा दाखला परत आणला. म्हणजे तुम्ही. ओहायोतल्या नऊ वर्षांच्या पोरीला हे ठाऊक आहे, आणि तिच्या आजीबरोबर एकोणपन्नास वर्षं काढलेल्या मला नव्हतं. मी तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि मी तरी कुठे विचारलं होतं? पाण्याचं खातं माझं, धरणं माझी, कालव्याखाली कुठलं पीक बसतं यावर मी घरी येऊन तास तास बोलायचो, आणि ती भाकऱ्या थापत ऐकायची, मधूनच एखादं इतकं नेमकं विचारायची की मी चकित व्हायचो. चकित होऊन पुन्हा जेवायला लागायचो. मला लाज वाटते, दुसरा शब्द नाही. लग्नात तुम्ही माझा कान उगाच हळू पिळलात. जोरात पिळायला हवा होता.

पुढचं थोडक्यात. केदारला मी गॅरेजमध्ये नेऊन सगळं सांगितलं. त्याने खोक्यात शोधलं, कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलला, आणि गेलेलं शेत कुठेच साठवलेलं नव्हतं असं निघालं. 'सॉरी बाबा, गॉन आहे ते,' म्हणाला. वर 'माझं उडवायचंत ना, यार,' असंही म्हणाला. सासऱ्याला यार म्हणाला, यावरून त्याची अवस्था तुमच्या लक्षात येईल. रेणूला आम्ही अजून सांगितलेलं नाही. आणि खरी धास्ती पुढेच आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्हिडिओवर आजीला तिचं शेत दाखवायचं, त्यात कंदील लावून, असं आजी-नातीचं महिन्याभरापूर्वीच ठरलंय. इशिताने मला स्पष्ट बजावलं आहे, 'आय वोन्ट लाय टू हर, आजोबा. यू हॅव टू टेल हर बाय देन.' इथल्या शाळेत हे शिकवतात.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज दुपारी ते शेत पुन्हा उभं करतोय. मोरेश्वर नावाचं शेत मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. कोंबडीसाठी जीव तुटला, पण काढलं. नव्याचं नाव इशिता घालायला लागली, तेव्हा मी म्हटलं, थांब, मी घालतो. तीन अक्षरं होती इंग्रजीत, मला पाच मिनिटं लागली, आणि पोर एकदाही घाई कर म्हणाली नाही. आता ती सांगते आणि मी राबतो. पेरूला फळ धरायला त्या खेळातले चार हंगाम लागतात, दिवाळीला फक्त काटक्या दिसतील. मी पाणी जास्त घातल्यामुळे दोन रोपं कुजली (पाटबंधारे खात्याचा माणूस, हात आवरत नाही). इशिता हसली तेव्हा. आणि मराठीत म्हणाली, 'आजोबा, हळू.' तुमचं घर, तुमची माणसं सुखात राहोत. बसची वेळ झाली, मी थांब्यावर निघतो.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. — पत्र कशासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. दिवाळीआधी तुम्ही तिला हे सांगावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. वेळ साधारण सायंकाळची धरा, व्यायाम होऊन शेक घेत असेल तेव्हाची. आधी इशिता बोलायला लागली ते सांगा, मग दुसरं. आणि तिची काठी तेव्हा थोडी लांब ठेवा.

ता. क. दुसरं — जुन्या शेतात सहा कोंबड्या होत्या आणि त्यांना तुमच्या घरातल्या बायकांची नावं होती. उत्तरावहिनींची सगळ्यात गुणी निघाली, असं इशिता सांगते. तरी हा मजकूर गच्चीवरच राहू द्या.

ता. क. तिसरं — शनिवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितोय. वरचं सांगायची आता गरज नाही. तिला सगळं माहीत आहे, आणि त्या शुक्रवारपासूनच माहीत आहे. इशिताने त्याच दिवशी रेणूच्या फोनवरून सांगून टाकलं होतं, आणि ह्या दोघी मिळून आठ दिवस बघत होत्या की मी तोंड उघडायला किती वेळ घेतो. आज नाश्त्याला व्हिडिओ लागला तेव्हा तुमची बहीण एवढंच म्हणाली, 'रोपं कुजवलीत म्हणे.' ओरडली नाही. माझी सगळी पाठ केलेली वाक्यं पळून गेली. काय झालं कोण जाणे, मी तिला हाक मारली. 'इला,' असं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने मागे वळून पाहिलं. खोलीत कोण आलंय ते बघायला.

मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि 'जेवणात ताक घेता ना?' असं विचारून फोन वहिनींकडे दिला. तेव्हा जगन्नाथराव, मला तुमच्याकडून आता एकच हवं आहे. शहात्तराव्या वर्षी तुमची सवय मोडायला सांगतोय हे कळतं. पण तिला बेबी म्हणणं बंद करा. रोज दोन वेळा तरी, चहाला बोलावताना, औषध देताना, इला म्हणून हाक मारा. मोठ्याने मारा. मी फेब्रुवारीत परत येतो, तोवर तिची मागे वळून बघायची सवय गेली पाहिजे.